एचओ मापाचं अल्को इंजिन खऱ्यासारखं करायचंय? नव्यांसाठी पायरीपायरीने

दुकानातून आणलेलं एचओ मापाचं (1:87) मॉडेल इंजिन देखणं असतं, पण ते कुठल्याच लोको शेडचं नसतं. त्याला वय नसतं, धूळ नसते, डिझेल सांडल्याचा डाग नसतो. हे सगळं त्याला आपण द्यायचं. नवीन मंडळी इथेच गडबडतात. सुटे भाग भरपूर मागवतात, दिसेल तिथे चिकटवतात, वर काळा-तपकिरी रंग फासतात, आणि इंजिन आधीपेक्षा जास्त खेळण्यासारखं दिसायला लागतं. खरेपणा भागांच्या संख्येने येत नाही. एका ठरावीक इंजिनाचा, ठरावीक काळातला फोटो समोर ठेवून त्याच्याशी प्रामाणिक राहिलं की तो येतो. खालची प्रत्येक पायरी याच धाग्यावर आहे.

उदाहरणाला मी आपल्या रेल्वेचं ब्रॉडगेज डिझेल इंजिन डब्ल्यूडीएम-2 आणि त्यातूनच पुढे आलेलं 3100 अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-3ए घेतलंय. 1962 मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून पहिली डब्ल्यूडीएम-2 आली आणि 1964 पासून ती वाराणसीला बनू लागली. 16 सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. पुण्याच्या पुढे मिरज-कोल्हापूरकडे आणि कोकण रेल्वेवर आपण लहानपणापासून ज्यांचा आवाज ऐकला ती हीच. 2022 मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं, आता अल्को दिसणं दुर्मीळ आहे. म्हणून फोटोंचं महत्त्व आणखी वाढलंय. इंजिन दुसरं असलं तरी क्रम हाच राहतो.

काय काय जमवावं लागेल

- बारीक टोकाचे दोन चिमटे (एक सरळ, एक वाकडा), धारदार मॉडेलिंग चाकू, जास्तीची पाती
- हाताने फिरवायचं छोटं ड्रिल आणि 0.3 ते 0.8 मिमीचे बिट. बारीक बिट तुटतातच, प्रत्येकी दोन-तीन घ्या
- 400, 800 आणि 1500 नंबरचा पॉलिश पेपर
- 0.3 ते 0.4 मिमी पितळी किंवा फॉस्फर ब्राँझची तार
- सुपर ग्लू, आणि खिडक्यांसाठी फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद
- डिजिटल कॅलिपर आणि साधा मल्टिमीटर
- 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न, बारीक सोल्डर, फ्लक्स
- ॲक्रिलिक रंग, राखाडी प्रायमर, ग्लॉस आणि मॅट वार्निश, मास्किंग टेप
- 0.3 मिमी नोझलचा एअरब्रश. तो नसेल तर चांगले चपटे ब्रश आणि भरपूर संयम
- वॉटर-स्लाइड डिकॅल (पाण्यात भिजवून सरकवत चिकटवायची छापील अक्षरं), ते बसवायची सेटिंग आणि सॉफ्टनिंग द्रावणं
- नाकातोंडावर मास्क

एलईडी, रेझिस्टर, बारीक वायर, श्रिंक ट्यूब हे सगळं पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटं मिळतं. परदेशातून मागवायची गरज नाही.

1. आधी इंजिन ठरवा, मग मॉडेल उघडा

‘डब्ल्यूडीएम-2 करायचंय’ एवढ्याने भागत नाही. कुठल्या शेडचं, कुठल्या नंबरचं, कुठल्या सुमाराचं हे ठरलं पाहिजे. या वर्गात फरक फार आहेत. बहुतेकांचं शॉर्ट हूड (केबिनपुढचं आखूड नाक) अरुंद, पण जंबो म्हणतात त्यांचं हूड पूर्ण रुंदीचं. काहींना डायनॅमिक ब्रेक (मोटरांनीच वेग कमी करणारा) आहे, काहींना नाही. जुन्यांना एकच गोल हेडलाइट, नंतर दुहेरी दिवे आले. आधी व्हॅक्यूम ब्रेकचे जाडजूड होस असायचे, मग एअर ब्रेकच्या बारीक नळ्या आल्या, आणि मधल्या काळात कित्येक इंजिनांवर दोन्ही एकत्र होते. शेडप्रमाणे रंग वेगळे, आणि मोठ्या दुरुस्तीहून इंजिन परत आलं की तेही बदलायचे. 1985 च्या रंगातल्या इंजिनाला 2010 चा दुहेरी दिवा लावला तर जाणकाराचा डोळा तिथेच अडकतो.

त्यामुळे एक फोल्डर करा आणि त्यात एकाच इंजिनाचे फोटो टाका. किमान पाच हवेत: दोन्ही बाजू, दोन्ही टोकं, आणि पादचारी पुलावरून काढलेला छताचा एक. छताचा फोटो सगळ्यात कठीण आणि सगळ्यात उपयोगी, कारण मांडणीवर (रूळ-देखावा मांडलेल्या टेबलावर) ठेवलेलं मॉडेल आपण बहुतेक वेळा वरूनच बघतो. एकाच नंबरचे सगळे फोटो मिळाले नाहीत, तर त्याच शेडच्या त्याच काळातल्या भावंडाचे घ्या आणि फाइलच्या नावात तसं लिहून ठेवा. दोन महिन्यांनी आठवत नाही.

स्वतः फोटो काढणार असाल तर प्लॅटफॉर्मवरून किंवा पुलावरून काढा. रुळांवर उतरणं हा रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली गुन्हा आहे, आणि जीवही जातो.

या मापात काय दिसतं आणि काय दिसत नाही याचा अंदाज यायला पुण्यात कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जरूर बघा. तिथली मांडणी एचओ मापाचीच आहे. हातभर अंतरावरून कुठला बारकावा नजरेत येतो हे तिथे उभं राहून ठरवा, म्हणजे पुढचं बरंच फुकटचं काम वाचेल.

2. मॉडेल घेताना तपासायच्या गोष्टी

एचओ म्हणजे 1:87. खरं डब्ल्यूडीएम-2 बफरसकट 17,120 मिमी लांब, म्हणजे मॉडेल सुमारे 197 मिमी यायला हवं. रुंदी 2,864 मिमीची सुमारे 33 मिमी, उंची 4,185 मिमीची 48 मिमी. कॅलिपर लावा. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक चालतो. पाच-सहा मिलिमीटरचा फरक असेल तर ती बॉडी दुसऱ्याच चासीला बसावी म्हणून ताणलेली आहे.

तयार मॉडेल मिळालं तर उत्तम. नाही तर थ्री-डी प्रिंट केलेली बॉडी अमेरिकन अल्कोच्या चासीवर बसवतात. त्यासाठी आरएसडी मालिकेतल्या सहा आसांच्या इंजिनांची चासी शोधा, कारण त्यांच्या ट्रायमाउंट बोगीत तीन आसांमधली अंतरं असमान असतात, अगदी आपल्या डब्ल्यूडीएम-2 सारखी. समान अंतराची बोगी लावलेलं अल्को लांबूनही परकं वाटतं.

एक तडजोड सुरुवातीलाच मान्य करा. एचओचा रूळ 16.5 मिमीचा, तो 1,435 मिमीच्या गेजसाठी आहे. आपल्या 1,676 मिमीच्या ब्रॉडगेजला 19.3 मिमी लागले असते. त्यामुळे चाकं थोडी आत दिसणारच. उपाय एवढाच, की चाकांच्या बाहेरच्या बाजू गडद मातकट रंगवायच्या आणि बोगीच्या फ्रेमचा रंग थोडा फिका ठेवायचा. नजर फ्रेमवर थांबते, मागची फट सावलीत जाते.

परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क धरूनच हिशेब करा. खेळण्यांवरचं मूळ शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर गेलं आणि 2023 मध्ये 70 टक्के झालं. ‘स्वस्तात मिळालं’ म्हणून आनंदलेल्या माणसाला पार्सल दारात आल्यावर कळतं. स्प्रेचे डबे विमानाने येत नाहीत, ते इथेच घ्या.

3. आधी चालवा

नवं इंजिन लगेच उघडू नका. दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास चालवा. अडखळतं का, वळणावर उतरतं का, आवाज कुठून येतो ते टिपून ठेवा. दोष असेल तर ते आत्ताच परत करता येतं. एकदा स्क्रू फिरवला, रंग खरवडला, की दुकानदार ऐकणार नाही.

मग बॉडी उतरवा. कुठे स्क्रू, कुठे क्लिप, हे मोबाइलवर टिपत जा. प्रत्येक टप्प्याचे स्क्रू वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी.

4. नको ते काढणं

साच्यातच ओतलेले कठडे आणि बॉडीला चिकटलेले जाड पाइप चाकूने हळूहळू सपाट करा, एका झटक्यात नाही. पातं बॉडीला जवळजवळ समांतर धरा आणि पातळ पापुद्रे काढत जा. शेवटी ओला पॉलिश पेपर.

थ्री-डी प्रिंटच्या बॉडीवर थरांच्या रेषा असतात. त्या नेहमी पाणी लावून घासा आणि मास्क लावा. रेझिनची कोरडी भुकटी फुप्फुसात जाणं चांगलं नाही.

मूळ रंग उतरवायचा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आधी बॉडीच्या आतल्या कोपऱ्यात लावून बघा. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर मात्र अजिबात नको, त्याने प्लॅस्टिक विरघळतं.

5. कठडे, नळ्या, केबल

इंजिनाचं रूप सगळ्यात जास्त इथे बदलतं, त्यामुळे वेळही इथेच घालवा.

खरा कठडा 32 ते 35 मिमीच्या पाइपचा धरला तर 87 ने भागून 0.37 ते 0.40 मिमी येतो. बहुतेक तयार मॉडेलचे कठडे याहून जाड असतात आणि त्यामुळेच ते बोजड दिसतं. फॉस्फर ब्राँझची तार मिळत नसेल तर वाद्यांच्या दुकानात गिटारची साधी स्टीलची तार घ्या. 0.013 इंची तार म्हणजे 0.33 मिमी. ती सरळ राहते, धक्का लागला तरी पूर्ववत होते, पण काटकोनात वाकवायला हट्टी असते. म्हणून लांब सरळ कठड्यांना स्टील आणि वळणाच्या दांड्यांना ब्राँझ. स्टीलची तार कापायला जुनी पक्कड वापरा. प्लॅस्टिकसाठीच्या नाजूक कटरने कापलीत तर त्याच्या धारेला खाच पडलीच.

सगळ्या दांड्या सारख्या व्हाव्यात यासाठी लाकडी फळीवर आलेख कागद चिकटवा, मापाने दोन बारीक खिळे ठोका आणि प्रत्येक तार त्यांच्याभोवतीच वाकवा. डोळ्याच्या अंदाजाने वाकवलेल्या दहा दांड्या दहा तऱ्हेच्या होतात. भोक पाडण्याआधी सुईने टोचा घ्या म्हणजे बिट घसरत नाही. तार आतून सुपर ग्लूने पकडा. गोंद बाटलीतून थेट सोडू नका, सुईच्या टोकावर घेऊन लावा.

आता टोकाकडे या. बफर बीम (टोकाची आडवी पट्टी) हा इंजिनाचा चेहरा. इथे बफर, स्क्रू कपलिंग किंवा सेंटर बफर कपलर, ब्रेकच्या नळ्या, मल्टिपल युनिटच्या (दोन इंजिनं एकत्र चालवायच्या) जंपर केबल आणि खाली कॅटलगार्ड (जनावरं बाजूला सारणारी जाळी) अशी गर्दी असते. एअर ब्रेकच्या काळातलं इंजिन असेल तर ब्रेक पाइपच्या टोकाला हिरवा आणि फीड पाइपच्या टोकाला पांढरा रंग द्या. हे दोन ठिपके जेमतेम मिलिमीटरभराचे, पण आपल्या रेल्वेचं इंजिन म्हणून ओळख पटवून देतात. होससाठी बारीक वायरचं काळं रबरी आवरण पुरतं. आत तांब्याची एक तार ठेवलीत तर हवा तसा झोक देता येतो. होस कधीही सरळ लोंबत नाही, फोटोत त्याचा बाक बघा.

सापळा: होस आणि कॅटलगार्ड फार आत किंवा फार खाली आले तर वळणावर बोगी त्यांना अडते आणि इंजिन रुळावरून उतरतं. सहा आसांच्या इंजिनाला निदान 457 मिमी त्रिज्येचं वळण लागतं, 559 मिमी असेल तर बरं. तुमच्या मांडणीतल्या सगळ्यात तीव्र वळणावर इंजिन हाताने ढकलून बघा आणि मगच गोंद लावा.

6. दिवे आणि डिकोडर

हे काम रंगाच्या आधी. रंगवलेल्या बॉडीत भोकं पाडायला कोणाचाच हात धजत नाही.

जुन्या हेडलाइटचा उजेड पिवळसर असायचा, म्हणून वॉर्म व्हाइट एलईडी घ्या. 12 व्होल्टवर 1 किलोओहमचा रेझिस्टर लावला की साधारण 9 मिलिअँपिअर जातात. एवढ्याशा दिव्याला हाही उजेड बहुधा जास्त होतो, 2.2 ते 4.7 किलोओहमपर्यंत चढवून बघा. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या. प्लॅस्टिकमधून उजेड झिरपू नये म्हणून दिव्यामागची आतली भिंत आधी काळी, मग चंदेरी रंगवा.

साध्या डीसीवर चालवणार असाल तर एवढ्यावर थांबता येईल. डीसीसी, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत, हवी असेल तर इंजिनात डिकोडरसाठी (तो हुकूम वाचणाऱ्या सर्किटसाठी) आठ किंवा एकवीस पिनांचं सॉकेट आहे का बघा. असेल तर डिकोडर खोचायचा, बस्स. नसेल तर तारा स्वतः जोडायच्या. रंगांचा नियम ठरलेला आहे:

- लाल: उजवा रूळ, काळी: डावा रूळ
- नारिंगी आणि राखाडी: मोटर
- पांढरी: पुढचा दिवा, पिवळी: मागचा दिवा
- निळी: दिव्यांचं सामाईक धन टोक

डिकोडर जळण्याचं नेहमीचं कारण एकच: मोटरचं एखादं टोक चासीच्या धातूला टेकलेलं असतं. म्हणून डिकोडर लावण्याआधी मोटर सुटी करून मल्टिमीटरने तपासा. मोटरच्या दोन्ही टोकांचा चासीशी आणि दोन्ही रुळांशी काहीही संबंध दिसता कामा नये. बीप वाजला तर पुढे जाऊ नका. पहिली चाचणी नेहमी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडरच्या सेटिंगसाठीच्या वेगळ्या रुळावर), तिथे प्रवाह मर्यादित असतो. नव्या डिकोडरचा पत्ता 3 असतो, तो सीव्ही 1 मध्ये बदलता येतो (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांकाची सेटिंग). सीव्ही 3 आणि 4 थोडे वाढवलेत की इंजिन जड गाडी ओढल्यासारखं सुटतं आणि थांबतं. अल्कोला हे फार शोभतं.

7. रंग

बॉडी कोमट पाण्यात साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका. राखाडी प्रायमरचा पातळ हात मारा. प्रायमर सगळ्या चुका दाखवतो, आणि त्या इथेच भरून घासायच्या.

फिका रंग आधी, गडद नंतर. रंगात पांढऱ्याचे दोन-चार थेंब मिसळा. डबीतला भडक निळा किंवा लाल छोट्या वस्तूवर आणखी भडक दिसतो. एअरब्रशचा दाब 15 ते 20 पीएसआय. पट्ट्यासाठी टेप लावल्यावर टेपच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा एक हात फिरवा. कडेखाली झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं आणि वरच्या रंगाची रेघ स्वच्छ उठते.

आपल्याकडचा खास सापळा म्हणजे पावसाळा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मॅट वार्निशवर पांढरट साय धरते, विशेषतः स्प्रेच्या डब्यातल्या. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी रंगाचं काम दिवाळीनंतर काढावं, पावसाळ्यात कठडे आणि वायरिंग करावं.

8. नंबर आणि अक्षरं

डिकॅल लावण्याआधी बॉडीवर ग्लॉस वार्निश हवंच. खरबरीत पृष्ठभागावर डिकॅलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी चकाकी राहते.

देवनागरीच्या तयार डिकॅलमध्ये हवं ते शेडचं नाव मिळेलच असं नाही. स्वतः बनवताना दोन अडचणी येतात. पहिली मापाची: खऱ्या इंजिनावरचा 20 सेंमीचा आकडा इथे 2.3 मिमी होतो. ‘पुणे’ लिहिलं की उकार आणि मात्रा केसाइतक्या बारीक होऊन छापताना तुटतात. फाँट तसाच लहान न करता त्या रेषा किंचित जाड करून घ्या. शिवाय शेडमधली अक्षरं बऱ्याचदा रंगाऱ्याने हाताने काढलेली असतात, कुठल्याच फाँटशी ती जुळत नाहीत. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात फोटो खाली ठेवून अक्षरं गिरवा. अर्धा तास जातो, पण त्या रंगाऱ्याचं वळण तुमच्या इंजिनावर उतरतं.

दुसरी अडचण पांढऱ्या रंगाची. घरगुती प्रिंटर पांढरं छापत नाही. व्हाइट टोनर असलेला छापखाना शोधा किंवा पांढऱ्या डिकॅल कागदावर बॉडीच्या रंगाची पार्श्वभूमी छापून अक्षरं कोरी सोडा. त्यात रंग जुळवायला चाचणीच्या पट्ट्या काढाव्या लागतात.

डिकॅल कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवा, उचलू नका, कागदावरून सरकवत जागेवर न्या. सेटिंग द्रावण आधी, सॉफ्टनिंग नंतर. सॉफ्टनिंग लावल्यावर डिकॅल सुरकुततं. घाबरून हात लावू नका, वाळताना ते आपोआप सपाट होतं.

बॉडीच्या खालच्या कडेला पीओएचची, म्हणजे मोठ्या दुरुस्तीची तारीख छापलेली असते. वाचता येणार नाही एवढी बारीक, पण ती असली की बाजू भरलेली वाटते. ही तारीख आणि वेदरिंग (मळ-झीज दाखवणारं रंगकाम) जुळलं पाहिजे. नुकतंच परळ वर्कशॉपमधून आलेलं इंजिन चिखलाने माखलेलं नसतं.

9. वेदरिंग

आधी मॅट वार्निश, मग मळ. प्रत्येक डागाला कारण हवं. अल्कोचा काळा धूर प्रसिद्ध, म्हणून छतावर एक्झॉस्टच्या भोवती आणि मागे काजळी, दूर जाईल तशी विरळ. डिझेल टाकीच्या तोंडाखाली ओघळ, आणि तो चकचकीत, कारण डिझेल धूळ ओली ठेवतं. तिथे मॅट वार्निशवर ग्लॉसची एक बारीक रेघ ओढा. बोगीवर ब्रेकच्या भुकटीचा गंजट तपकिरी. पायऱ्यांच्या मधोमध आणि कठड्याच्या हात लागणाऱ्या भागावर रंग झिजलेला. खालच्या भागावर मार्गाप्रमाणे धूळ: कोकणातली तांबडी, देशावरची करडी.

महागड्या पिगमेंटची गरज नाही. स्टेशनरीच्या दुकानातले सॉफ्ट पेस्टल खडू चाकूने खरवडा, मऊ ब्रशने लावा. ऑइल पेस्टल नको, तेलकट असतात. ओघळ नेहमी वरून खाली एकाच ओढीत काढा. एक थर लावून रात्रभर ठेवा आणि सकाळच्या उजेडात फोटोशेजारी धरून बघा. दिव्याखाली कमी वाटलेला मळ दिवसा बहुधा पुरेसा निघतो.

10. जोडणी

खिडक्यांच्या काचा सगळ्यात शेवटी, आणि पांढऱ्या गोंदाने. सुपर ग्लूच्या वाफेने काच कायमची धुरकट होते. आधी केबिनमध्ये लोको पायलट बसवा, नंतर काचांमुळे हात जात नाही. वायर बॉडी आणि चासीच्या मध्ये चिमटल्या नाहीत ना ते पाहून स्क्रू घट्ट करा. चाकांच्या कडांवर आणि चाकांतून वीज घेणाऱ्या पत्र्यांवर उडालेला रंग आयसोप्रोपिल लावलेल्या कापडाने पुसा.

इंजिन आधी एकटं फिरवा, मग दोन डबे लावून, मग पूर्ण गाडी घेऊन. पहिल्या फेऱ्यांत एखादी नळी गळून पडली तर रुळाजवळ लगेच शोधा, आणि तिची जागा फोटोवरून पुन्हा तपासूनच चिकटवा. हाताळताना इंजिन कठड्यांना धरून उचलू नका. बोट नेहमी डिझेल टाकीखाली घालून उचला, आणि ठेवायच्या डब्यात कठड्यांच्या उंचीएवढी जागा फोम कापून मोकळी ठेवा.